टक्केवारी वाढली, मग खाणी का वाढल्या?

मोजपट्टी (चर्चाप्रस्ताव)

कचऱ्याबद्दलचं कुठलंही राष्ट्रीय धोरण उघडा, पहिल्या दोन पानांतच एक टक्केवारी भेटते. अमुक सालापर्यंत अमुक टक्के रिसायकलिंग. युरोपीय संघाने २०१८ मध्ये कायदा सुधारून नागरी कचऱ्यासाठी पायऱ्या आखल्या: २०२५ पर्यंत ५५ टक्के, २०३० पर्यंत ६०, २०३५ पर्यंत ६५. बाकीचे देश थोड्याफार फरकाने हीच भाषा बोलतात. या टक्केवारीला धोरणाचं मुख्य माप करणं चूक आहे असं माझं मत आहे. आणि ती अनवधानाने झालेली चूक आहे असंही मला वाटत नाही.

आधी सरळ बेरीज-वजाबाकी. कल्पना करा, एका वर्षी १०० टन कचरा झाला आणि त्यातला ४० टन रिसायकल झाला. काही वर्षांनी कचरा १५० टनांवर गेला आणि ७५ टन रिसायकल झाला. टक्केवारी ४० वरून ५० वर गेली, अहवालात आलेख वर चढला, खात्याचा सत्कार झाला. पण पुरायला किंवा जाळायला उरलेला कचरा ६० टनांवरून ७५ टनांवर गेला, त्याचं काय? तो आकडा परिशिष्टात असतो. असलाच तर.

आता पृथ्वीचा हिशेब बघू. १९७० साली जग वर्षाला सुमारे ३० अब्ज टन साहित्य जमिनीतून आणि शेता-जंगलांतून उचलत होतं. खनिजं, इंधन, वाळू-खडी, पिकं, लाकूड सगळं धरून. आज हा आकडा १०० अब्ज टनांच्या वर आहे. 'सर्क्युलॅरिटी गॅप' अहवालानुसार जागतिक अर्थव्यवस्थेत परत वापरात आलेल्या साहित्याचा वाटा २०१८ च्या अहवालात ९.१ टक्के होता, २०२३ च्या अहवालात ७.२ टक्के. म्हणजे ज्या पाच वर्षांत 'चक्राकार अर्थव्यवस्था' (एकदा उचललेलं साहित्य पुन्हा पुन्हा वापरात फिरवणं) हा शब्द प्रत्येक सरकारच्या तोंडी बसला, त्याच पाच वर्षांत चक्र आणखी उसवलं.

कारण कचऱ्याचा डबा ही या सगळ्या व्यवहाराची शेपटी आहे. २००५ सालच्या आकड्यांवर हास आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेला अभ्यास सांगतो की जगाने त्या वर्षी सुमारे ६२ अब्ज टन साहित्य वापरलं आणि त्यात रिसायकलिंगमधून आलेलं होतं साधारण ४ अब्ज टन. जवळजवळ ४४ टक्के साहित्य तर ऊर्जेसाठीच वापरलं गेलं. जे जळालं ते परत कसं येणार? उरलेल्यातलं बरंचसं इमारती, रस्ते, यंत्रं यांच्यात जाऊन बसलं आणि पुढची काही दशकं तिथून हलणार नाही. डब्यातलं सगळंच्या सगळं रिसायकल झालं तरी खाण बंद होत नाही, ती यामुळे.

म्हणून माझा प्रस्ताव: धोरणाच्या पहिल्या पानावर माणशी नवं साहित्य किती उचललं हा आकडा यावा आणि उद्दिष्ट तो खाली आणण्याचं असावं. जपानने २००३ च्या आपल्या मूलभूत आराखड्यात तीन आकडे घेतले होते: उचललेल्या प्रत्येक टनामागे किती उत्पन्न, एकूण वापरात परत आलेल्या साहित्याचा वाटा, आणि शेवटी जमिनीत गाडावा लागणारा कचरा. रिसायकलिंग तिथे तीनातलं एक आहे. आपण सगळ्यांनी त्याला एकुलतं एक करून ठेवलंय.

बोला.

गठ्ठेवाला

मोजपट्टी, लेख वाचताना मान डोलत होती, पण शेवटी आलो तेव्हा वाटलं की हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

मी अकरा वर्षं वर्गीकरण केंद्रावर काढली आहेत. पट्ट्यावरून येणारा माल, यंत्राने निवडलेला, हाताने निवडलेला, मग दाबून बांधलेले गठ्ठे. त्यामुळे माझा दृष्टिकोन शेपटीकडून आहे हे मान्य. पण धोरणाचं माप कुणाच्या तरी मानेवर ठेवता आलं पाहिजे. 'माणशी नवं साहित्य' वाढलं तर जाब कुणाला विचारणार? अर्थमंत्र्यांना? बांधकाम खात्याला? सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

टक्केवारीचं तसं नाही. वेल्समध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रिसायकलिंग पाचेक टक्के होतं. तिथल्या सरकारने स्थानिक संस्थांना कायद्याने टप्पे बांधून दिले, चुकलात तर टनामागे दंड. आज तो आकडा ६० च्या वर आहे. कारण कुणाला तरी दंडाची पावती येऊ शकत होती.

टक्केवारीत खोट आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. बरीच वर्षं बऱ्याच देशांत 'गोळा केलेलं' किंवा 'वर्गीकरणाला गेलेलं' म्हणजेच 'रिसायकल झालेलं' असा हिशेब होता. माझ्या पट्ट्यावर दहा टन चढले की दहा टन जमा. त्यातले तीन टन पलीकडून नाकारून बाहेर पडले, ते कुणी विचारत नसे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नियम ठरवले की मोजायचं ते प्रत्यक्ष रिसायकलिंग प्रक्रियेत शिरतं त्या ठिकाणी. ही मोजणी आली की आकडे पडतात, आणि पडलेच पाहिजेत. काटा दुरुस्त करा, फेकून कशाला देताय?

आणि मुळात माल रिसायकल होण्याजोगा असतो का, हे कुणी बघतं का? काळा प्लास्टिक ट्रे घ्या. यंत्र निवडतं ते अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून. काळ्या रंगातला कार्बन तो प्रकाश गिळून टाकतो, यंत्राला तिथे काही आहे हेच दिसत नाही. ट्रे चांगल्या प्लास्टिकचा असतो, जातो जाळायला. पेट नावाच्या प्लास्टिकच्या (पाण्या-पेयांच्या नेहमीच्या) बाटलीला वरपासून खालपर्यंत पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचं आकसणारं लेबल घातलं की यंत्र लेबल वाचतं, बाटली नाही. ते पीव्हीसी चुकून पेटच्या गठ्ठ्यात गेलं तर पेट वितळण्याच्या तापमानाला जळून आम्ल सोडतं आणि अख्खा घाणा पिवळा पडतो. अगदी थोडंसं पुरतं. बहुपदरी पाकिटांबद्दल तर बोलतच नाही, तीन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि मग वेगळे करा म्हणायचं.

जपानच्या उद्योगाने पेट बाटल्यांसाठी स्वतःहून रचनेचे नियम केले आणि २००१ पासून रंगीत बाटल्या सोडल्या. दक्षिण कोरियाने २०१९ च्या अखेरीपासून पेयांच्या रंगीत पेट बाटल्यांवर बंदी घातली. रंग काढला एवढंच. त्या एका निर्णयाने गठ्ठ्याची किंमत बदलते. तुमच्या '१०० अब्ज टनां'मध्ये ही बाटली दिसणारसुद्धा नाही.

एकेरी

चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे सरळ रेषेला जरा बाक देऊन काढलेला फोटो.

सावकाश

गठ्ठेवाला, वेल्सचं उदाहरण चांगलं आहे, पण दंड कुणाला बसला? स्थानिक संस्थेला. बाटली बनवली दुसऱ्याने, नफा तिसऱ्याने घेतला, दंड झाडूवाल्या खात्याला. चोर सोडून संन्याशाला.

उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे ईपीआर, ही कल्पना स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयासाठी मांडली ती याच कारणाने. वस्तू टाकून दिल्यावरचा खर्च उत्पादकाच्या वहीत गेला की तो वस्तूच वेगळी बनवेल, ही त्यामागची अपेक्षा. जर्मनीने १९९१ च्या वेष्टन अध्यादेशाने ती देशभर लागू केली. सुरुवातीला गोंधळ उडाला. लोकांनी इतकं वेगळं करून दिलं की प्रक्रिया करायला जागाच नव्हती, माल परदेशांत जाऊन पडला आणि १९९३ मध्ये गोळा करणारी संस्था दिवाळखोरीच्या दारात होती. पण चूक कळली, दुरुस्त झाली.

खरी मेख किमतीत आहे. २०१४ च्या मध्यापासून २०१६ च्या सुरुवातीपर्यंत कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वरून ३० च्या खाली आलं. नवं प्लास्टिक स्वस्त झालं, जुन्यापासून केलेलं तेवढंच महाग राहिलं. गोळा करणं, धुणं, निवडणं यांचा खर्च तेलाबरोबर थोडाच उतरतो? रिसायकल करणारे बसले. वर्गीकरण कितीही चांगलं असो, रचना कितीही सुधारा, तेल पडलं की सगळं मुसळ केरात.

तेव्हा नव्या साहित्यावर कर लावा. ब्रिटनने एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांहून कमी रिसायकल्ड अंश असलेल्या प्लास्टिक वेष्टनावर टनाला २०० पौंड कर सुरू केला. युरोपीय संघ २०२१ पासून सदस्य देशांकडून रिसायकल न झालेल्या प्लास्टिक वेष्टनाच्या दर किलोमागे ८० सेंट घेतो. मला त्यातही नॉर्वेची युक्ती सर्वांत आवडते: पेयांच्या वेष्टनावर पर्यावरण कर आहे, पण बाटल्या-डबे परत येण्याचं प्रमाण वाढेल तसा तो उतरत जातो आणि ९५ टक्क्यांना शून्य होतो. उत्पादकाला भाषण द्यावं लागत नाही, तो स्वतःच अनामतीचं यंत्र बसवतो, म्हणजे बाटली परत टाकली की विकताना घेतलेली अनामत परत देणारं.

मोजपट्टी

सावकाश, नॉर्वेचं उदाहरण मान्य, पण बघा तुम्ही कुठे येऊन थांबलात. बाटली परत आली, कर शून्य झाला. आता बाटल्या दुप्पट विकल्या तरी कर शून्यच! परत येण्याचं प्रमाण ९५ टक्केच राहील. माझा मुद्दा तुमच्या आवडत्या उदाहरणातच बसलाय.

शिवाय परत आलेल्या वस्तूने नवी वस्तू हटते हे गृहीत का धरायचं? झिंक आणि गायर या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच विचारलं. स्वस्त दुय्यम माल बाजारात आला तर कधी कधी तो नव्या मालाची जागा घेत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि एकूण खप वाढतो. १८६५ मध्ये अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: इंजिनं कमी कोळशात चालू लागली आणि कोळशाचा एकूण खप वाढला.

गठ्ठेवाला, रंगीत बाटलीचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर वाद नाही. पण उत्तम रचलेली, बिनरंगी, १०० टक्के रिसायकल होणारी बाटली जगात दुप्पट विकली गेली तर तुमच्या केंद्राचा आलेख झकास दिसेल. तेल विहिरीतून येतच राहील.

धुरांडं

सगळे रिसायकलिंगभोवती फेर धरून नाचताय, जाळण्याबद्दल बोलायला कुणी तयार नाही. मी बोलतो, शिव्या खायची तयारी आहे.

सिंगापूरकडे जागा नाही. जळण्याजोगा कचरा जाळतात, वीज करतात आणि राख समुद्रात बांध घालून केलेल्या सेमाकाऊच्या भरावात टाकतात. तो १९९९ पासून चालू आहे आणि २०३५ च्या सुमारास भरेल असा अंदाज आहे. न जाळता टाकलं असतं तर केव्हाच भरला असता. जाळल्याने कचऱ्याचं आकारमान नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होतं. स्वीडन तर आपल्या भट्ट्यांसाठी शेजाऱ्यांकडून कचरा घेतो आणि त्यावर घरं गरम करतो. गठ्ठेवाल्यांची तीन वेगळ्या थरांची पाकिटं कुणीच रिसायकल करणार नसेल तर ती उघड्यावर कुजत, उडत, ओढ्यात जात राहण्यापेक्षा चांगल्या गाळण्या असलेल्या भट्टीत गेलेली काय वाईट?

गठ्ठेवाला

धुरांडं, शिव्या नाही, पण एक अनुभव. भट्टीला भूक असते. एकदा बांधली की तीस वर्षं तिला रोज ठरलेले टन लागतात, करारात तसं लिहिलेलं असतं. मग वरून प्रश्न येऊ लागतात की तुमच्याकडून कागद आणि प्लास्टिक कमी का येतंय, कारण तेच चांगलं जळतं. ओलं जळत नाही. रिसायकलिंग आणि भट्टी एकाच ताटात जेवतात.

डेन्मार्कचं बघा. युरोपीय संघात माणशी सर्वाधिक कचरा करणाऱ्या देशांत त्याचा नंबर, आणि भट्ट्या इतक्या की बाहेरून कचरा आणून चालवायच्या. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच ठरवलं की जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करायची. ज्यांनी हे सगळ्यांत नीट केलं तेच मागे फिरलेत. प्लास्टिक जाळणं म्हणजे एकदा बाटली होऊन आलेलं तेल जाळणंच ना?

धुरांडं

सिंगापूरच्या जागेचं उत्तर अजून आलेलं नाही. बाकी मान्य.

खालची पायरी

इतके प्रतिसाद झाले, पण कचरा हाताने वेचणाऱ्या माणसाचा उल्लेख एकदाही नाही. यंत्र, कर, भट्टी, टक्केवारी, सगळं आलं. जगाच्या मोठ्या भागात प्रत्यक्ष रिसायकलिंग करतो तो कचरावेचक, आणि राष्ट्रीय आकडेवारीत तो बहुतेक वेळा नसतोच. त्यामुळे गंमत होते. सरकार नवा ठेकेदार आणतं, बंद गाड्या आणतं, अधिकृत टक्केवारी शून्यातून वीसवर जाते. आधी जे वेचक उचलत होते तेच आता गाडी उचलते. वाढलं काहीच नाही, फक्त एकाची भाकरी दुसऱ्याच्या वहीत गेली.

कोलंबियात यावर कोर्टात लढाई झाली. बोगोटातल्या वेचकांना सफाईच्या निविदांतून डावललं, तेव्हा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००३ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिले. २०१३ पासून शहर त्यांना वजनावर सेवेचे पैसे देऊ लागलं. म्हणजे भंगाराच्या भावाव्यतिरिक्त, शहराचा कचरा कमी केल्याबद्दल. ब्राझीलने २०१० च्या राष्ट्रीय घनकचरा कायद्यात वेचकांच्या सहकारी संस्थांना स्थान दिलं. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं लिहिलंय. लिहिलंय.

आणि सावकाश, तुमच्या अनामतीबद्दल: वेचकाला आज जो माल भाव देतो तो नेमका तोच. पेट बाटली, ॲल्युमिनियमचा डबा. ॲल्युमिनियम परत वितळवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, म्हणून त्याला भाव. अनामतीच्या यंत्राने तो माल उचलला की वेचकाकडे उरणार चिकट पाकिटं. तेव्हा अनामत आणायची तर परत करण्याची केंद्रं त्यांच्या हाती द्या. नाहीतर गरिबांच्या कमाईवर उभारलेली हिरवी योजना म्हणावं लागेल.

सावकाश

खालची पायरी, हे मी लिहायला हवं होतं, सुटलं. केंद्रं त्यांच्याकडे देण्याला माझी काही हरकत नाही. उलट ज्याला त्या मालाची पारख आहे त्यालाच द्यावं.

पण एका गोष्टीवर अडतो. वजनावर पैसे द्यायला लागलं की वजन वाढतं, माल वाढत नाही. ओलं मिसळतात, माती मिसळतात. शेवटी काटा विश्वासाचा लागतो.

एकेरी

काट्यावरून आठवलं, आता कागदी रिसायकलिंगबद्दल कुणी बोलणार का? कागदाचं नव्हे, कागदावरचं.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून वेष्टन-पुनर्प्राप्तीच्या चिठ्ठ्यांचा बाजार चालतो. रिसायकल करणारा चिठ्ठी काढतो, उत्पादक ती विकत घेऊन 'माझी जबाबदारी पार पडली' म्हणतो. परदेशी पाठवलेल्या मालावरही चिठ्ठी निघते. तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये याची चिरफाड केली. त्यांचा सूर असा की सरकारला मूळ प्रश्नाला हात न लावता उद्दिष्ट गाठल्याचं दाखवायची ही सोयीची वाट झाली आहे.

भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनासाठी ईपीआरची मार्गदर्शक तत्त्वं आणली, तीही प्रमाणपत्रांवर चालणारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही रिसायकल करणाऱ्यांनी लाखो बोगस प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. कागदी घोडे असे नाचले की खरे घोडेही लाजावेत.

आणि ज्यांची टक्केवारी आपण इथे कौतुकाने वाचतोय, त्यांचा माल जात कुठे होता? २०१७ पर्यंत जगाच्या प्लास्टिक भंगाराचा मोठा हिस्सा चीन घेत होता. जानेवारी २०१८ पासून त्याने २४ प्रकारच्या घनकचऱ्यावर बंदी घातली आणि मार्चपासून उरलेल्यात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत असावी अशी अट घातली. भेसळ अर्धा टक्का! एका रात्रीत श्रीमंत देशांच्या गोदामांत गठ्ठे साचले. मग तो माल मलेशियाकडे वळला. २०२० च्या सुरुवातीला मलेशियाने १५० कंटेनर परत पाठवल्याचं जाहीर केलं. फिलिपिन्सने २०१९ मध्ये कॅनडाला ६९ कंटेनर परत धाडले. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर बंधनं घालणाऱ्या बासेल कराराची प्लास्टिकवरची दुरुस्ती जानेवारी २०२१ पासून लागू झाली, ती या सगळ्यानंतर. बैल गेला अन् झोपा केला.

परदेशात टाकलेला कचराही 'रिसायकल' म्हणून मोजला जात होता. गठ्ठेवाला, तुमचा काटा किती दुरुस्त करणार?

गठ्ठेवाला

एकेरी, यावर माझ्याकडे बचाव नाही. आमचे गठ्ठेही जहाजावर गेलेत. पुढे काय झालं ते आम्ही विचारलं नाही, कुणी विचारायला सांगितलंही नाही.

पण आता मोजपट्टींना एक विचारतो, कारण दोन दिवस तुमच्या आवडत्या मापाबद्दल वाचत बसलोय. 'देशात वापरलेलं साहित्य' मोजताना आयात केलेल्या वस्तूचं फक्त वस्तूचं वजन धरतात ना? म्हणजे मी तांब्याची तार आयात केली तर तारेचं वजन माझ्या खाती. त्या तांब्यासाठी जे शेकडो पट खनिज उकरलं, ते ज्याच्या देशात खाण आहे त्याच्या खाती. कारखाने आणि खाणी बाहेर ढकलल्या की माझा देश आपोआप 'कमी साहित्य' वापरणारा! गठ्ठा जहाजावर चढवण्यात आणि खाण जहाजापलीकडे ढकलण्यात फरक काय? तुमचा काटा तर माझ्याहून खोटा निघाला.

दुसरं, तुमच्या मापात एक टन खडी आणि एक टन प्लास्टिक सारखंच. उद्या कुणी मंत्री एक महामार्ग रद्द करेल, देशाचा आकडा धाडकन खाली येईल आणि प्लास्टिकवर काही न करता तो विजयी मुद्रेने फिरेल.

मोजपट्टी

गठ्ठेवाला, पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि मी तो प्रस्तावात लिहायला हवा होता. यावर 'साहित्याचा ठसा' नावाचं माप आहे, त्यात आयात वस्तूमागचं सगळं उकरलेलं मोजतात. वाइडमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक देशांसाठी तो काढला. अनेक श्रीमंत देशांनी अर्थव्यवस्था वाढवत साहित्याचा वापर रोखल्याचं जे चित्र होतं ते ठसा धरल्यावर बरंच फिकं पडलं, काहींच्या बाबतीत पुसलंच गेलं. तेव्हा पहिल्या पानावर जायचा आकडा हा ठसाच. मी जपानचं माप दिलं तिथे चुकलो. त्यांच्या आकड्यातही ही गळती होती.

खडीबद्दल: खरं आहे, एकच आकडा पुरणार नाही. खडी, धातू, इंधन आणि प्लास्टिकचा कच्चा माल, जैविक माल असे चार-पाच वेगळे रकाने लागतील. हे लिहिताना मला कळतंय की 'एका आकड्याची हुकूमशाही नको' म्हणत मी दुसरा एकच आकडा गादीवर बसवायला निघालो होतो.

पण उत्पादनाला हात लावायचा नाही हा दंडक मला अजूनही पटत नाही. प्लास्टिकच्या जागतिक कराराच्या वाटाघाटी नेमक्या इथेच अडकल्या. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठराव झाला, २०२४ च्या अखेरीस बुसानमध्ये बोलणी फिसकटली, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात पुन्हा तेच. काही देश म्हणतात उत्पादनालाच मर्यादा घाला. तेल उत्पादक देश म्हणतात कचरा व्यवस्थापनाबद्दल बोला, रिसायकलिंगबद्दल बोला. ज्यांना विकायचंय त्यांना रिसायकलिंगची चर्चा इतकी का आवडते? १९५० पासून २०१५ पर्यंत बनवलेल्या ८.३ अब्ज टन प्लास्टिकमधून जो कचरा झाला, त्यातला ९ टक्केच रिसायकल झाला होता.

सावकाश

उत्पादनाला मर्यादा म्हटलं की लोक कारखाने बंद करण्याचं चित्र डोळ्यांपुढे आणतात. त्याच्या अलीकडे बरंच काही आहे, ते धोरणांत का येत नाही? फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न विकलेला माल, अन्न सोडून, नष्ट करायला टप्प्याटप्प्याने बंदी घातली. जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचा अंक छापणं सक्तीचं केलं. स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, धुलाई यंत्र, गवत कापायचं यंत्र. ग्राहकाला दुकानातच कळतं की हे उघडतं का, सुटे भाग मिळतात का. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. फोन दोन वर्षं जास्त टिकला तर तेवढा काळ नवा फोन बनत नाही, आणि हे तुमच्या ठशातही दिसतं, गठ्ठेवाल्यांच्या पट्ट्यावरही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंदणीकृत पद्धतीने गोळा होऊन रिसायकल झाला तो २२.३ टक्के.

गंमत म्हणजे दुरुस्त केलेला फोन कचऱ्यात येतच नाही, म्हणून रिसायकलिंगच्या टक्केवारीत त्याचं श्रेय शून्य. उलट जड आणि सहज रिसायकल होणारा माल टिकू लागला तर टक्केवारी खालीच येईल.

खालची पायरी

हा शेवटचा परिच्छेद धाग्याच्या सुरुवातीला हवा होता. दुरुस्ती करणारी माणसंसुद्धा कुठल्या आकड्यात येत नाहीत, वेचकांसारखीच.

गठ्ठेवाला

बरं. सावकाश म्हणतात ते पटलं. टक्केवारी खाली आली तरी ती चांगली बातमी असू शकते, हे मी अकरा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मोजपट्टी, तुमचा ठसा छापा पहिल्या पानावर, माझा विरोध संपला. पण टक्केवारी दुसऱ्या पानावर राहू द्या, गाळण्या लावून, प्रक्रियेत शिरतं तिथेच मोजून, परदेशी माल वेगळ्या रकान्यात दाखवून. ठशाचा आकडा यायला दोन-तीन वर्षं लागतात, तोही मॉडेलमधून. माझ्या पट्ट्यावर काळे ट्रे आज सकाळीही आलेत. ते बंद करायचं कलम तुमच्या कुठल्या आकड्याच्या भरवशावर लिहिणार, एवढं सांगा.

मोजपट्टी

कुठल्याच नाही. ते थेट बंदी घालूनच करावं लागेल, आणि त्याला आकडा लागतो असं मला वाटत नाही.

पहिलं पान कुणाचं यावर मात्र मी हटणार नाही.

धुरांडं

तोवर ते काळे ट्रे कुठे जातायत, मंडळी?

गठ्ठेवाला

तुमच्याकडेच.